मिनिटाला चौदा थेंब

"टाकी बोलायला लागली," असं आमचे हे म्हणायचे आणि उठून तांब्या घ्यायचे.

टाकी माशांची. भोरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीत, लोखंडी स्टँडवर ठेवलेली अडीच फुटी काचेची टाकी. तिच्यातलं पाणी फिरवून साफ करणारा एक छोटा फिल्टर असतो, त्याचं तोंड पाण्याच्या जेमतेम खाली बसतं. टाकी काठोकाठ असली की काही आवाज नाही. पण पाणी रोज थोडं थोडं उडून जातं. दोन बोटं खाली गेलं की ते तोंड उघडं पडतं आणि हवा ओढायला लागतं. गुटुक, गुटुक, मध्येच एक लांब घरघर, परत गुटुक. हे असताना मला तो नुसता कटकटीचा आवाज वाटायचा. मी आतून ओरडायची, "उठा, तुमची लेकरं बोंबलतायत." हे दोन तांबे ओतायचे आणि टाकी गप्प व्हायची.

मासे खरं तर मीच आणले होते. मी आरोग्यसेविका, वेल्हे तालुक्यात नोकरीला. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आमच्या खात्यात गप्पी मासे सांभाळतात. ते बाटलीत भरून गावोगावच्या हौदांत सोडायचे असतात. एकदा विंझरच्या एका गोठ्यामागच्या हौदात सोडायची बाटली माझ्या पर्समध्येच विसरली आणि घरी आली. हे उत्रोलीकडच्या एका शाळेत प्रयोगशाळेत परिचर होते. काचेच्या भांड्यांचं त्यांना भारी वेड. बाटली आधी बरणीत रिकामी झाली आणि महिन्याभरात टाकी आली. "सरकारी मासे घरात पाळताय, चौकशी लागेल," मी म्हणायची. "लावा की सिस्टर, साक्षीला तुम्हीच उभ्या राहाल," हे म्हणायचे. मी फार शिस्तीत बोलायला लागले की मला सिस्टर म्हणायची त्यांची खोड होती. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे हे सगळे चाळे चालायचे.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तोंडानं पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही, गिळता येत नाहीये, पाणी फुफ्फुसात जाईल. हे वाक्य मी स्वतः आजवर किती जणांच्या बायकांना, सुनांना ऐकवलं असेल. त्यामुळे मला कुणी दोनदा सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते चांगले शुद्धीवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. माझ्याकडे बघितलं आणि अर्ध्याच तोंडानं हसून म्हणाले, "शिष्टर... एक घोट." शब्द जड होते पण कळत होते. मी कापसाचा बोळा ओला केला आणि ओठांवरून फिरवला. त्यांनी तो ओठांत धरला आणि चोखायला लागले. मी ओढला, तर सोडेनात. मी जोर लावून ओढून काढला. "नाही म्हटलं ना एकदा," असं मी म्हणाले. गरोदर बाई लोहाच्या गोळ्या घेत नाही म्हटल्यावर मी ज्या आवाजात बोलते, त्याच आवाजात.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. फुफ्फुसाचं काही झालं नव्हतं. डोक्यातच दुसरा रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, काहीही केलं असतं तरी हेच होणार होतं. त्यांनी धीर द्यायला म्हटलं असेल. मला त्याचा अर्थ एवढाच कळला की तो घोट दिला असता तरी चाललं असतं.

दहाव्याला नीरेच्या घाटावर दिरांनी त्यांना पाणी दिलं. भाऊबंदांनी दिलं, शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा हात पुढे करून दिलं. बायका मागे पायऱ्यांवर बसल्या होत्या. सगळ्या गावानं त्यांना पाणी पाजलं, मी सोडून.

त्यानंतर मी नोकरीवर गेले. सोमवारी सकाळची एसटी, नसरापूरला गाडी बदलायची, पुढे विंझरवरून वेल्हे. आठवडाभर उपकेंद्राच्या खोलीतच राहायचं आणि शनिवारी दुपारी घरी. पूर्वीही असंच होतं, पण तेव्हा घरात माणूस होतं. पहिल्या शनिवारी कुलूप काढलं तर बंद खोलीतून आवाज आला. गुटुक, गुटुक, मग लांब घरघर. पाच दिवसांत पाणी चार बोटं उतरलं होतं आणि फिल्टरचं तोंड उघडं पडलं होतं. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी कडीवर हात ठेवून तिथंच उभी राहिले. तो आवाज टाकीचा नव्हता. तो दवाखान्यातल्या त्या खाटेवरचा होता. घसा कोरडा पडलेलं माणूस घोट घ्यायला बघतंय आणि घोट मिळत नाहीये.

मी चपला न काढता आत गेले आणि तांब्यावर तांबे ओतले. इतके, की पाणी काठावरून खाली आलं.

मग दर शनिवारी तेच. वेल्ह्याच्या खोलीत स्टोव्हवर पाणी उकळायला लागलं, नळाच्या तोटीत हवा आली, तरी मी दचकायची. लसीकरणाच्या दिवशी एखादं बाळ घटाघटा दूध प्यायलं तर मला तिथं बसवेना. बरोबरच्या आशाताई म्हणाल्या, "मॅडम, रजा घ्या चार दिवस." रजा घेऊन जायचं कुठं? त्या टाकीपाशीच.

टाकी मोडून टाकली असती तर आवाज बंद झाला असता, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. एकदा मासे बाटलीत भरून एका हौदापर्यंत नेलेही होते. झाकण काढवलं नाही, तशीच परत आणली. ते पाणी संपवायचं म्हणजे ह्यांना दुसऱ्यांदा नाही म्हणायचं. आणि शेजारी किल्ली देऊन पाणी घालायला सांगणं मला जमणार नव्हतं. माझ्या नवऱ्याला पाणी दुसऱ्या कुणी घालायचं, हे मला खपलं नसतं. मला एवढंच हवं होतं की टाकीचं पाणी कधी खाली जाऊ नये आणि तो आवाज मला पुन्हा कधी ऐकू येऊ नये.

मोबाईलवर शोधलं तर कळलं, जगात बऱ्याच जणांना ही अडचण आहे. समुद्रातले मासे पाळणारे हौशी लोक टाकीला यंत्र लावतात. पाणी उतरलं की सेन्सरला कळतं, मोटर सुरू होते, भरलं की बंद होते. किंमत बघून मोबाईल पालथा ठेवला. तेवढ्यात आमच्याकडे एक शेळी येते.

पहिला प्रयोग कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यासारखा केला. मोठी बाटली भरायची आणि टाकीत उलटी टांगायची, तोंड पाण्याला टेकेल अशी. पाणी उतरलं की तोंड उघडं पडतं, बाटलीत हवा शिरते आणि तेवढंच पाणी खाली येतं. छान चाललं. फक्त हवा आत शिरताना बाटली आवाज करायची, गुडुप. कुणी एक घोट घेऊन थांबावं तसा. मी भाकरी थापत होते. दर थोड्या वेळानं बाहेरच्या खोलीत कुणीतरी एक घोट घेत होतं. तिसऱ्या भाकरीला मी तवा उतरवला आणि बाटली काढून मोरीत फेकली.

मग मला माझाच धंदा आठवला. सलाईन! आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? मेडिकलमधून सलाईनचा सेट विकत आणला. खात्यातला नाही, हे आधीच सांगून ठेवते. पाण्याचा वीस लिटरचा जार कपाटावर ठेवला, तोटीला सेटची नळी बसवली आणि दुसरं टोक टाकीत सोडलं. दिवसाला टाकीतून साधारण लिटरभर पाणी उडतं, हे मी काचेवर खुणा करून आधीच मोजलं होतं. वीस थेंबांचा एक मिली. हिशेब डोक्यातच झाला, मिनिटाला चौदा थेंब. घड्याळ हातात धरून नळीवरचा, धार कमीजास्त करायचा रोलर फिरवत बसले आणि चौदा आल्यावर सोडला. नळाचं पाणी जारात भरण्याआधी दिवसभर उघड्या बादलीत ठेवायचे, कारण त्यातली टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, माशांना मारते. गावोगाव विहिरीत टीसीएल टाकायला लावणारी मीच, आणि घरी ती उडून जायची वाट बघत बसणारीही मीच.

सोमवारी निघाले आणि शनिवारी आले, तर टाकी बोलत होती. जाराचं झाकण मी घट्ट लावलं होतं. हवा आत जायला जागा नाही, म्हणून जार पोटात ओढला जाऊन चेपला होता आणि धार बंद पडली होती. सलाईनच्या बाटलीला हवेसाठी सुई टोचायची असते, हे मी शिकाऊ पोरींना पहिल्याच दिवशी सांगते. स्वतःच्या घरी विसरले. झाकणाला भोक पाडलं. पुढच्या आठवड्यात पावसाळी हवा होती, पाणी उडालंच नाही, आणि माझे चौदा थेंब मात्र आज्ञाधारकपणे पडत राहिले. दार उघडलं तर खोलीभर पाणी. तरी खरं सांगते, मला बरं वाटलं. आवाज नव्हता.

शेवटी विंझरच्या हार्डवेअरच्या दुकानातून कूलरचा फ्लोट आणला, तो पांढऱ्या चेंडूचा, पाणी वर आलं की नळी बंद करणारा. दुकानदार म्हणाला, "शिष्टर, तुमच्या हितं कूलर लागतोय व्हय? थंडीनं मरतोय आमी." मी म्हटलं, "लागतो, माझं डोकं तापलंय." तो फ्लोट टाकीच्या कोपऱ्यात अडकवला आणि सलाईनची नळी एमसील लावून त्याला जोडली. आता पाणी केसभर उतरलं की चेंडू उतरायचा, तेवढेच थेंब यायचे, भरलं की थांबायचे. थेंब पडतात की नाही ते बघायला नळीवरची ती काचेसारखी कोठी होतीच. नव्या यंत्राच्या किमतीत माझं असं डझनभर काम झालं असतं.

आणि टाकी गप्प झाली. चार महिने एकदाही बोलली नाही.

मी सुखी झाले असं मात्र कुणी समजू नये. शनिवारी दार उघडायची आणि आत इतकं शांत असायचं की मी स्वतःच खोकायची. टाकीच्या वर भिंतीला ह्यांचा हार घातलेला फोटो, त्याच्या शेजारी कपाट, कपाटावर जार आणि तिथून खाली येणारी सलाईनची नळी. आपण काय उभं केलंय ते मला दिसत होतं. रविवारी दुपारी मी त्या कोठीतले थेंब बघत बसायची. खाटेपाशी बसायची तशीच. कधीकधी मोजतामोजता हात आपोआप पुढे जायचा, मनगट शोधत, नाडी बघायला. काचेला हात लागला की भानावर यायची.

त्या सुमाराला वरच्या धनगरवाड्यातल्या एका आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन भोरला ठरलं. हा वाडा म्हणजे वेल्ह्याच्या वर डोंगरात पाच-सहा घरं, शेळ्या-मेंढ्या आणि चार म्हशी. आजीला पुढे-मागे कुणी नव्हतं, पुतण्याच्या आधारानं राहायची. पुतण्याला शेरडं सोडून येता येईना, म्हणून मीच तिला शनिवारी घेऊन आले. ऑपरेशन झालं, रविवारी सकाळी पट्टी निघाली आणि मी तिला घरी आणलं. सोमवारी माझ्याबरोबरच परत जायची होती.

काळा चष्मा लावून ती टाकीसमोर जी बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. नव्या डोळ्यानं सगळं बघत होती. फोटो बघितला, नळी बघितली, कोठीतला थेंब बघितला. मी भात टाकत होते.

"ही थेंबाची नळी लावून किती दिस झालं?" तिनं विचारलं.

"चार महिने."

"आन् ह्येंला जाऊन?"

"दोन वर्षं होतील."

"आगं बाई," ती म्हणाली. मग विचारलं, "थेंब बंद कुठनं हुतो?"

मला कौतुक वाटलं. मी हात पुसून बाहेर आले आणि तिला रोलर दाखवला. असा खाली फिरवला की बंद, वर फिरवला की सुरू. अडाणी म्हातारी, पण चौकस आहे, असं मनात म्हटलं. सोमवारी सकाळी घाईत मी पिशव्या घेऊन आधी बाहेर पडले, आजी मागून आली, मी कुलूप लावलं आणि एसटी गाठली.

पुढच्या शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी दाराशी आले. कुलपात किल्ली घातली आणि आतून आवाज आला.

गुटुक. गुटुक. आणि ती लांब घरघर.

मी किल्ली तशीच ठेवून पायरीवर बसले. नळी तुंबली असेल, फ्लोट अडकला असेल, ही सगळी कारणं मला सुचत होती, पण त्यातलं एकही पटत नव्हतं. माझी खात्री झाली होती की ते आत आहेत. चार महिने मी त्यांना थेंबाथेंबानं गप्प बसवलं होतं, आणि आता ते स्वतःच्या तोंडानं मागत होते. शेजारीण जिन्यावरून उतरताना म्हणाली, "काय हो, किल्ली हरवली का?" मी मान हलवली. ऊन पायरीवरून सरकून भिंतीवर गेलं तरी मी बसून होते. आत जाऊन पाणी घालायचं धाडस होत नव्हतं, आणि उठून निघून जायचंही नाही. मी लहान पोरीसारखी रडले, तोंडावर पदर दाबून.

शेवटी गेले. खोलीत कुणी नव्हतं. मासे पाण्यात नीट फिरत होते, पाणी तेवढं चार बोटं खाली. जार जवळजवळ भरलेला. कोठीत थेंब नव्हता. मी नळीवरून हात खाली आणला आणि रोलर हाताला लागला. तळापर्यंत फिरवून घट्ट बंद केलेला. रोलर आपोआप फिरत नाही. तीस वर्षांत एकही फिरलेला मी बघितलेला नाही. मग मला ती चौकशी आठवली, बंद कुठनं हुतो.

आधी भीती गेली आणि तिच्या जागी असा संताप आला की विचारू नका. रोलर उघडला, टाकी भरली, आणि मंगळवारी डोळ्यात औषध घालायच्या निमित्तानं डोंगर चढून वाड्यावर गेले. आजी अंगणात शेळीच्या करडाला मांडीवर घेऊन बसली होती.

"आजी, माझी नळी तुम्ही बंद केली?"

"व्हय, म्या केली," ती म्हणाली. लपवायचं काही तिच्या मनातच नव्हतं.

"का? मासे मेले असते माझे!"

"मासं व्हय? मला वाटलं, त्येंच्या सोबतीला सोडल्यात." मग तिनं मला समजावून सांगितलं, लेकीला सांगावं तसं. त्यांच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावानं बारीक भोकाचं मडकं टांगतात. थेंब थेंब पाणी गळत राहतं, गेलेल्याला प्यायला. दहाव्याला ते मडकं उतरवून फोडायचं. "त्येंला जाऊन दोन वर्सं झाली, आन् तुमी चार म्हयनं झालं तरी उतरीवलं न्हाई. थेंब सुरू हाय तवर मानूस जातंय व्हय कुठं? पीत बसतंय तितंच. त्येंला बी त्रास, तुमाला बी. म्हनलं, बाईचं हात उठत न्हाईत, तर आपुन बंद करावं. तुमी माज्या डोळ्याचं केलं, म्या तुमचं एवडं केलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. दोन वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं, दिरांना नाही, आशाताईंना नाही, ते मी त्या म्हातारीला सांगितलं. मी म्हणाले, "ते जाताना माझ्याकडे पाणी मागत होते, आजी. मी दिलं नाही. तोंडातला बोळासुद्धा ओढून काढला."

ती करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, आता दूषण देईल. मला ते हवंच होतं.

"आमचं म्हातारं बी तसंच गेलं," ती म्हणाली. "एक अंग गेलं हुतं. पाऊस लई, खाली न्यायला वाट न्हाई. पानी पानी करत हुतं. म्या डोकं मांडीवर घ्येतलं आन् वाटीनं पाजलं. पयला घोट गेला. दुसऱ्याला ठसका लागला. लई लागला. डोळं फिरीवलं आन् गेलं, वाटी माज्या हातातच." ती चष्म्याआडून कुठं बघत होती कळलं नाही. "शिष्टरबाई, कुनाला इचारलं न्हाई आजवर. तुमी शिकल्याल्या. म्या पाजलं म्हनून गेला का वो त्यो?"

उत्तर मला पाठ होतं. अर्धांगाच्या रोग्याला गिळता येत नाही, पाणी फुफ्फुसात जातं, म्हणून थेंबही द्यायचा नाही. एवढं बोलले असते की मी सुटले असते. तो बोळा, तो आवाज, ते 'नाही म्हटलं ना', सगळं बरोबर ठरलं असतं. दोन वर्षं मी अशाच साक्षीदाराची वाट बघत होते, आणि तो स्वतःहून माझ्यासमोर मांडीवर करडू घेऊन बसला होता. तिचा हात करडाच्या पाठीवर थांबला होता.

"नाही, आजी," मी म्हणाले. "घोटभर पाण्यानं कुणी जात नाही."

"खरं?"

"खरं. त्यांची वेळ झाली होती. तुम्ही पाजलंत ते चांगलं केलंत."

तिनं इतका लांब श्वास सोडला की करडू मांडीवरून उठून बाजूला गेलं. ती मला म्हणाली, "लई उपकार झालं." चष्मा काढून पदरानं डोळे पुसायला लागली, तशी मी तिचा हात धरला, ऑपरेशनच्या डोळ्याला पदर लावायचा नाही म्हणून. तिनं हात धरू दिला. मग उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दोष देण्यासाठी नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून तिनं विचारलं,

"मंग तुमी का न्हाई दिलं?"

नियम होता, हे आता सांगता येत नव्हतं. ते सांगितलं तर तिला आत्ताच दिलेलं परत काढून घ्यावं लागलं असतं. आणि ते सांगायचं नाही म्हटल्यावर माझ्याजवळ एकच उत्तर उरलं.

"घाबरले, आजी," मी म्हणाले.